माफी मागितली, पण कोणापाशी?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, सोमवारी दुपारी, कोसळला. त्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते झाले होते. म्हणजे पुरते नऊ महिनेही भरले नव्हते. समोरच पाण्यात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. त्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ची. साडेतीनशे वर्षे तो लाटा अंगावर घेतो आहे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ३५ फुटी पुतळ्याला पहिला पावसाळाही निभावता आला नाही. यातली नामुष्की मालवणात कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

मग माफ्यांची रांग लागली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २८ ऑगस्टला लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या सभेत महाराष्ट्राच्या जनतेची जाहीर माफी मागितली. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी महाराजांच्या चरणी शंभर वेळा डोके ठेवायची तयारी दाखवली. ३० ऑगस्टला पंतप्रधान नरेंद्र मोदी वाढवण बंदराच्या पायाभरणीसाठी पालघरला आले. महाराज आपले आराध्य दैवत आहेत, त्यांच्या चरणी मस्तक टेकवून आपण माफी मागतो, आणि ज्यांची मने दुखावली त्यांचीही माफी मागतो, असे ते म्हणाले. त्याच ओघात सावरकरांचा अपमान करूनही माफी न मागणाऱ्या विरोधकांना त्यांनी टोला हाणला. १ सप्टेंबरला मुंबईत हुतात्मा चौकातून गेटवे ऑफ इंडियाकडे महाविकास आघाडीचे ‘जोडे मारो’ आंदोलन निघाले. या माफीतही मग्रुरी होती, असे उद्धव ठाकरे यांनी तिथे सुनावले.

चूक करणाऱ्याने, गुन्हा करणाऱ्याने, ज्याचे नुकसान केले त्याची चारचौघांत माफी मागावी का? असा प्रश्न नुसता टाकला तर बहुतेक जण ‘मागायलाच हवी’ म्हणतील. मीही म्हणतो, पण दोन अटींवर. माफी मागायला कोणी लावू नये, आणि काय केले हे सांगितल्याखेरीज मागितलेली माफी हिशेबात धरू नये. राजकोटच्या प्रकरणात तीन-चार दिवसांत इतक्या माफ्या झाल्या, तरी मालवणच्या बाजारपेठेत ज्या प्रश्नाची चर्चा होती तो तसाच लोंबकळत राहिला: पडला कसा?

त्याचे तुकडे निरनिराळ्या तोंडांतून बाहेर आले. पहिल्यांदा जोरदार वाऱ्याचे कारण पुढे आले. ताशी ४५ किलोमीटर वेगाने वारे वाहत होते म्हणे. ज्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात तिथल्या माणसाला हे सांगायचे म्हणजे कमाल झाली. मग कळले, की पुतळा पडण्याच्या सहाच दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाने नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र पुतळा उभारणाऱ्या नौदलाला धाडले होते. कला संचालनालयाकडून खुलासा आला, की आम्ही सहा फुटी मातीच्या नमुन्याला मान्यता दिली होती. पुतळा ३५ फुटांचा होणार हे आम्हाला कळवलेच नव्हते. चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगवर बोट ठेवले. यातले एकही वाक्य कोणत्याही माफीत नव्हते. ज्यांनी माफी मागितली त्यांनी सांगाड्याला हात लावला नव्हता, आणि ज्यांचा हात लागला होता त्यांच्यापैकी कोणी ‘माझे चुकले’ म्हटले नाही. बांधकाम सल्लागाराला कोल्हापुरात पकडले. शिल्पकार काही दिवस पोलिसांना सापडत नव्हता; ४ सप्टेंबरला रात्री तो कल्याणमध्ये हाती लागला. काही महिन्यांनी दोघांनाही उच्च न्यायालयाने जामीन दिला.

माफी पहिल्यांदा दैवताच्या चरणी गेली, ही गोष्ट मालवणात तरी अलंकारिक मानता येत नाही. सिंधुदुर्गात शिवराजेश्वराचे मंदिर आहे, राजाराम महाराजांच्या काळात बांधलेले. तिथे महाराजांची रोज पूजा होते. किल्ल्यात चुन्यात उमटलेला त्यांच्या हाताचा आणि पायाचा ठसा लोक डोके टेकवून पाहतात. आणि देवापुढे चूक कबूल करण्याची कोकणाची स्वतःची एक रीत आहे, ती म्हणजे गाऱ्हाणे. मानकरी किंवा गुरव हात जोडून देवापुढे उभा राहतो, साऱ्या गावाच्या वतीने बोलतो, काही चुकले-माकले असेल तर सांभाळून घे म्हणतो आणि मागचा जमाव दर वाक्यागणिक ‘व्हय महाराजा’ म्हणत साथ देतो. कोणाचे चुकले, काय चुकले याचा तिथे उल्लेख नसतो, असायचे कारणही नसते. देवाला सगळे ठाऊक असते, आणि देव ‘मला नाही पटले’ असे म्हणत नाही. गाऱ्हाण्याचा खरा उपयोग गावाला एकत्र उभे करण्याचा आहे आणि त्या कामी ते उत्तम आहे. पण अहमदपूर काय, पालघर काय, दोन्हीकडे झाले ते गाऱ्हाणे. पालघरला तर आणखी एक गंमत होती. ज्या वाढवण बंदराला तिथले मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करत आले, त्याच्या पायाभरणीच्या मांडवातून मालवणच्या पुतळ्याबद्दल माफी मागितली जात होती.

आपल्याच कोकणात जन्मलेल्या एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी अगदी वेगळ्या जातीची माफी मागितली होती. गोपाळ कृष्ण गोखले, जन्म १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातले कोतळूक. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला ते विलायतेत होते. तेव्हा पुण्यात प्लेग होता. घराघरांत शिरून झडती घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांबद्दल संतापजनक पत्रे त्यांना येत होती. त्यांच्या आधारावर गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियनला मुलाखत दिली आणि पार्लमेंटच्या सभासदांपुढेही सांगितले, की सोजिरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर आत्महत्या केली. इंग्लंडात खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला. जुलैअखेर गोखले मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि पुरावा गोळा करायला लागले, तर पत्रे लिहिणाऱ्यांपैकी उघडपणे पुढे यायला कोणी तयार होईना. वेळ तर भयंकर होती. २२ जूनला पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली होती, ३ जुलैला तो मेला होता, २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली होती.

गोखल्यांपुढे सोपे रस्ते दोन होते. पत्रलेखकांची नावे सरकारला देऊन अंग काढून घेता आले असते, किंवा गप्प बसता आले असते. त्यांनी तिसराच रस्ता धरला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे पत्र टाइम्स ऑफ इंडियात आणि मँचेस्टर गार्डियनमध्ये छापून आले. आपण काय म्हणालो, ते कशाच्या आधारावर म्हणालो आणि तो आधार आता सिद्ध करता येत नाही हे त्यांनी क्रमाने मांडले. मग गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट, प्लेग समितीचे सभासद आणि प्लेगच्या कामावरचे सैनिक यांची त्यांनी विनाअट माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र अखेरपर्यंत सांगितली नाहीत.

पुण्याने त्यांना झोडपले. माफी फारच सढळ हाताने मागितली, गोऱ्यांपुढे लोटांगण घातले, असा सूर होता. टिळक तुरुंगात असताना तो आणखी चढला. त्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली, तेव्हा गोखल्यांनी व्यासपीठावर बोलायला उभे राहू नये असे अनेकांना वाटत होते. टीका अगदीच गैर होती असे मी म्हणणार नाही. सिद्ध न होणे आणि खोटे असणे यांत अंतर आहे, आणि ज्या स्त्रियांबद्दल सारे चालले होते त्यांची बाजू त्या माफीने कायमची बंद केली. तरीसुद्धा चांगल्या माफीत काय काय असावे हे ज्याला पाहायचे असेल त्याने हे प्रकरण वाचावे. आरोप ज्या वर्तमानपत्रात केला, त्याच वर्तमानपत्रात माफी. ज्यांच्यावर केला, त्यांची नावानिशी माफी. चूक कशी घडली याचा तपशील, आणि इतरांच्या गळ्यात दोष अडकवणे नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्लेग आला, तेव्हा गोखले स्वयंसेवक होऊन त्याच कामात उतरले. १८९९ साली ते मुंबई कायदे मंडळावर निवडून गेले.

त्यापुढे आपल्याकडची दुसरी एक माफी फिकी वाटते, पण तिचे एक अंग महत्त्वाचे आहे. जेम्स लेन यांच्या शिवचरित्रावरून २००३च्या डिसेंबरात वादळ उठले. त्यांना मदत केली म्हणून पुण्यातले संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला शिवसैनिकांनी काळे फासले. थोड्याच दिवसांत राज ठाकरे, जे तेव्हा शिवसेनेत होते, बहुलकरांना समक्ष भेटले आणि माफी मागितली. मुंबईत बसून पत्रक काढले असते तरी चालले असते. ते पुण्याला गेले. ज्याचा अपमान झाला तो माणूस समोर होता, त्याला बोलता येत होते, नको म्हणता येत होते. काळे फासणारे हात मात्र वेगळे होते, त्यामुळे ही माफी अर्धीच ठरते. आणि नेत्याने माफी मागितल्याने हवा काही निवळली नाही. ५ जानेवारी २००४ला दुसऱ्याच संघटनेच्या जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत घुसून मोडतोड केली.

अर्ध्या माफीचे काय होते, याचा अभ्यास झाला आहे. जेनिफर रॉबेनॉल्ट या अमेरिकन अभ्यासिकेने २००३ साली लोकांना एक काल्पनिक अपघात वाचायला दिला: सायकलवाल्याने पादचाऱ्याला धडक दिली, तुम्ही पादचारी आहात, भरपाईचा प्रस्ताव आला आहे, घ्याल का? रक्कम सगळ्यांना एकच. सायकलवाला काहीच बोलला नाही असे ज्यांना सांगितले, त्यांच्यातले ५२ टक्के तयार झाले. ‘माझी चूक होती’ म्हणून त्याने पूर्ण माफी मागितली असे सांगितले, तिथे ७३ टक्के. आणि ‘तुम्हाला लागले याचे वाईट वाटते’ एवढेच तो म्हणाला, तिथे ३५ टक्के. नुसती हळहळ गप्प बसण्यापेक्षा महागात पडली. २०१६ साली रॉय लुइकी आणि सहकाऱ्यांनी ७५५ जणांवर दोन प्रयोग केले आणि माफीचे सहा घटक तोलून पाहिले. सर्वांत वजनदार निघाली जबाबदारीची कबुली, तिच्या खालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी. सर्वांत हलकी निघाली ती ‘मला क्षमा करा’ ही विनंती. पुढाऱ्यांच्या माफीनाम्यात नेमके तेवढेच असते.

मग ज्याला सगळे ठाऊक आहे तो बोलत का नाही? कारण त्याचा वकील त्याला बोलू देत नाही, आणि वकिलाचे चुकत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या पुरावा कायद्यात आरोपीविरुद्ध चालत नाही. पण मैदानात, वर्तमानपत्रात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर ‘माझे चुकले’ म्हटले तर ते त्याच्यावर उलटू शकते. राजकोटच्या गुन्ह्यात तर खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले होते. पुतळा पडला त्यात कोणाच्या जिवाला अपाय झाला नव्हता, तरी! एवढे मोठे कलम डोक्यावर असताना वेल्डिंग कुठे कमी पडले हे सांगायला कोण पुढे येईल? कलम जितके फुगवाल तितके सत्य आत दडून बसते. काही देशांनी यावर तोड काढली आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने २००२ साली आणि कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २००६ साली कायद्यातच लिहून टाकले, की भरपाईच्या दाव्यात माफी म्हणजे दोषाची कबुली धरली जाणार नाही. आपल्याकडे दवाखाने, कारखाने आणि ठेकेदारी या क्षेत्रांसाठी तरी असा कायदा यायला हवा.

सक्तीच्या माफीचे तर आपल्याकडे अमाप पीक आहे. कोणी काही लिहिले, बोलले, की चार जण त्याला दुकानातून बाहेर ओढतात, कान धरायला लावतात, हात जोडायला लावतात आणि चित्रफीत फिरवतात. याला माफी म्हणणे म्हणजे खंडणीला देणगी म्हणण्यासारखे आहे. न्यायालयेसुद्धा या मोहातून सुटलेली नाहीत. औषधांबद्दल दिशाभूल करणाऱ्या पतंजलीच्या जाहिरातींच्या खटल्यात एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ६७ वर्तमानपत्रांत माफीनामा छापल्याचे सांगितले, तेव्हा तो तुमच्या जाहिरातींएवढाच मोठा होता का, असे सर्वोच्च न्यायालयाने विचारले. प्रश्न बिनतोड होता, आणि पुढचा माफीनामा मोठ्या आकारात आला. पण तो न्यायालयापुढचा माफीनामा होता. जाहिरातीवर विश्वास ठेवून ज्यांनी औषध बदलले असेल, त्यांचे त्यात काय? सक्ती किती दूर जाऊ शकते हे मध्य प्रदेशात दिसले. विनयभंगाच्या आरोपीने रक्षाबंधनाला मिठाई घेऊन तक्रारदार महिलेच्या घरी जावे आणि राखी बांधून घ्यावी, अशी जामिनाची अट तिथल्या उच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये घातली. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ला ती रद्द केली. असा गुन्हा माफी, भेटवस्तू किंवा राखी यांनी मिटवण्याइतका किरकोळ नसतो, असे त्या निकालात बजावले आहे. जिच्यावर अन्याय झाला तिच्या दारात आरोपीला उभे करायचे, तेही न्यायालयाच्या हुकमाने, म्हणजे तिने नाही म्हणायचे कोणाला? दक्षिण कोरियाच्या घटना न्यायालयाने १९९१ सालीच बदनामीच्या दाव्यांत सक्तीचे माफीनामे छापायला लावणे घटनाबाह्य ठरवले होते.

दक्षिण आफ्रिकेचा सत्य आणि सलोखा आयोग आपल्याकडे माफीचा महोत्सव म्हणून ओळखला जातो. प्रत्यक्षात आयोगाच्या १९९५च्या कायद्यात शिक्षामाफीसाठी पश्चात्तापाची अटच नव्हती. राजकीय हेतूने गुन्हा केलेल्याने जे केले ते पूर्ण सांगायचे, काही लपवायचे नाही, एवढी अट होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि बहुतेक फेटाळले गेले. रडणे, न रडणे ज्याच्या त्याच्यावर सोडले होते. आपला नवरा, आपला मुलगा कुठे पुरला हे तिथे अनेकांना पहिल्यांदा कळले. अनेक कुटुंबे मात्र या शिक्षामाफीवर अखेरपर्यंत नाराज राहिली, आणि तो त्यांचा हक्क होता.

माफी कुठे मागायची, हाही दुखावलेल्यांच्या हक्काचा भाग आहे. १९१४ साली कोमागाटा मारू जहाजातल्या ३७६ हिंदी प्रवाशांपैकी बहुतेकांना कॅनडाने व्हँकुव्हरच्या बंदरातून परत हाकलले होते. ३ ऑगस्ट २००८ला तिथले पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सरे शहरातल्या एका बागेतल्या मेळाव्यात त्याबद्दल माफी मागितली. शीख समाजाच्या प्रतिनिधींनी तिथल्या तिथे ती नाकारली: संसदेने अन्याय केला, माफी संसदेतच मागा. १८ मे २०१६ला तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांना ती कॅनडाच्या लोकसभेत पुन्हा मागावी लागली.

मालवणला असे काही मागता आले नाही, कारण मालवणचा पत्ताच कोणत्या माफीत नव्हता. राम सुतार यांच्या शिल्पशाळेने घडवलेला नवा, कितीतरी उंच पुतळा राजकोटावर उभा राहिला आणि ११ मे २०२५ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचे लोकार्पण केले. नुकसान भरून निघाले, आणि तेही थोडक्या दिवसांत. हे श्रेय द्यायला हवे. राहिले आहे ते हिशेब सांगण्याचे काम. त्याला मस्तक टेकवावे लागत नाही, खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबावेही लागत नाही. चौकशी समितीचा अहवाल सोप्या मराठीत छापून मालवण नगर परिषदेच्या सभागृहात वाचून दाखवावा, लोकांच्या प्रश्नांना बांधकाम विभागाने आणि नौदलाने उत्तरे द्यावीत, आणि नव्या पुतळ्याच्या आवारात एक फलक लावावा: इथला पहिला पुतळा कधी उभारला, कधी पडला आणि कशामुळे.